फायलीत नुसतं 'एआरटी चालू' लिहिलेलं
मी कॅन्सर हॉस्पिटलात क्लिनिकल फार्मासिस्ट आहे, म्हणजे केमोची ऑर्डर आली की डोस, रिपोर्ट, पेशंटच्या चालू गोळ्या सगळं बघूनच बॅग भरायला सोडायची. त्या दिवशी जी ऑर्डर आली ती ईपॉकची, म्हणजे अनेक औषधं एकत्र असलेल्या केमोची. पेशंट चाळिशीतला, हिरडीत गाठ, आधी दात दुखतोय म्हणून डेंटिस्टकडे फिरून आलेला. बायोप्सीत प्लाझ्माब्लास्टिक लिम्फोमा, म्हणजे पांढऱ्या पेशींचा एक कॅन्सर. हा प्रकार एचआयव्ही असलेल्यांमध्येच जास्त दिसतो, तोंडात तर खासच.

बिलिरुबिन वाढलेलं होतं, डोळे पिवळे. रेसिडेंट म्हणाला लिव्हर गेलंय वाटतं, ईपॉकमधलं व्हिंक्रिस्टिन आणि डॉक्सोरुबिसिन कमी करू. पण एसजीओटी-एसजीपीटी या लिव्हरच्या टेस्ट एकदम नॉर्मल! पेशंटला एचआयव्ही, आणि फायलीत नुसतं 'एआरटी चालू', म्हणजे एचआयव्हीची औषधं चालू, कुठली ते नाही. आजकाल बहुतेकजण डोल्युटेग्राविरवाल्या एका गोळीवर असतात, त्यामुळे पुढे कोणी विचारत नाही.

मी वॉर्डात गेले. शेजारी धाकटा भाऊ बसलेला, त्याला एचआयव्हीचं काही माहीत नव्हतं. त्याला काहीतरी कारण काढून खाली मेडिकलमध्ये पाठवलं, मग विचारलं, दादा, गोळ्या दाखवता का. त्यांनी उशीखालून कॅल्शियमची डबी काढली. आत तीन तऱ्हेच्या गोळ्या, लेबल कशालाच नाही (मूळ बाटली खुळखुळते, लोक विचारतात म्हणे). एआरटीचं हिरवं पुस्तक घरी. शेवटी त्यांच्याच फोनवरून एआरटी सेंटरला लावला तेव्हा कळलं, सेकंड लाइन (पहिली औषधं चालेनाशी झाल्यावरची), अ‍ॅटाझनाविर-रिटोनाविर आणि सोबत झिडोव्हुडिन.

म्हणजे पिवळेपणा अ‍ॅटाझनाविरचा, त्याने होतोच तसा, लिव्हर ठीक असतानाही. खरी भीती रिटोनाविरची. व्हिंक्रिस्टिन लिव्हरमध्ये ज्या एन्झाइमने मोडतं तेच एन्झाइम रिटोनाविर अडवतं, मग व्हिंक्रिस्टिन अंगात साचतं, मग हातापायाला मुंग्या आणि आतडी ठप्प. ईपॉकमध्ये तर व्हिंक्रिस्टिन ९६ तास सलग थेंबथेंब जातं. वर झिडोव्हुडिनने रक्तपेशी आधीच दबलेल्या.

एकजण म्हणाला मग केमो होईपर्यंत एआरटीच बंद करू. आमच्या डॉक्टर मॅडमनी सरळ नाही सांगितलं, व्हायरस उसळला तर इन्फेक्शननेच जाईल माणूस. बदलायचं ठरलं, पण सेकंड लाइन एआरटी सेंटर आपल्या मनाने बदलत नाही, ते तज्ज्ञांच्या पॅनेलकडे जातं. मेल, फोन, परत फोन. गाठ तर बघता बघता वाढत होती, म्हणून तोवर नुसती स्टिरॉइडं सुरू ठेवली.

शेवटी त्या गोळ्यांच्या जागी डोल्युटेग्राविर मिळालं, बॅग भरली. दुसऱ्या सायकलला आले तेव्हा डोळे पांढरे, गाठ निम्मी, आणि तक्रार एवढीच की हॉस्पिटलच्या आमटीला मीठ नसतं. भावाला अजून सांगितलेलं नाहीये. सांगायचं की नाही, कधी, ते त्यांचं ते ठरवतील, आमच्यातलं कोणी विषयही काढत नाही.