संगीत वाजतं, गोळी अडकते

माझा जुना पीसी, पेंटियम एमएमएक्स १६६, अखेर बोलायला लागला, पण अर्धवट. विंडोज ९८ मधून शुद्ध डॉस मोडमध्ये (विंडोजच्या आधीची, नुसत्या कमांडवर चालणारी प्रणाली) गेलो, डूम हा गोळीबाराचा गेम लावला. संगीत झकास. पहिली गोळी झाडली आणि तिचाच तुकडा पुन्हा पुन्हा वाजत राहिला, ढ-ढ-ढ-ढ. आतल्या खोलीतून आई, "काय फोडून राहिला रे तिकडे?"

आवाजाचं कार्ड साउंड ब्लास्टर १६, मॉडेल सीटी२९४०. नागपूरच्या इतवारीतल्या भंगारातून आणलेलं, म्हणून पहिला संशय बिचाऱ्यावरच. कडेचे सोनेरी संपर्क खोडरबराने घासले, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसले, कार्ड दुसऱ्या आयसा स्लॉटमध्ये (जुन्या पद्धतीच्या खाचेत) बसवलं. फरक शून्य. मित्र म्हणाला, "कार्डच बदल ना भाऊ." बदलणारही होतो. पण तो आवाज नीट ऐकला असता तर ते दोन तास वाचले असते.

डूमचं संगीत माझ्याकडे कार्डावरच्या एफएम चिपमधून येतं. प्रोग्राम ३८८ या पोर्टवर (कार्डाशी बोलायच्या पत्त्यावर) आकडे लिहितो, चिप सूर काढते. त्याला आयआरक्यू (कार्डाने प्रोसेसरला हाक मारायची तार) लागत नाही, डीएमएही (प्रोसेसरला मध्ये न घेता मेमरीतून माल नेणारी वाट) नाही. गोळीचा आवाज डिजिटल. मेमरीतला छोटासा बफर डीएमएमार्फत कार्डाकडे जातो आणि तो संपला की कार्ड आयआरक्यूवरून प्रोसेसरला हाक मारतं, पुढचा माल भर म्हणून. ती हाक पोचलीच नाही तर जुनाच माल गोल फिरत राहतो. म्हणजे तुकडा अडकत असेल तर डीएमए चालू आहे, आयआरक्यूत गोची आहे. संगीत आहे पण गोळीचा आवाज मुळीच नाही, असं असेल तर मी आधी कार्डाचा पत्ता आणि डीएमए बघेन.

मशीन सुरू होताना चालणाऱ्या ऑटोएक्झेक फाइलमधली कार्डाची ओळ बरोबर होती: सेट ब्लास्टर=ए२२० आय५ डी१ एच५ पी३३० टी६. त्यातलं आय५ म्हणजे आयआरक्यू ५. डूमच्या सेटअपमध्येही ५ च. मग ५ वर आणखी कोण बसलंय? बूट होताना बायोस (बोर्डावरचा, मशीन सुरू करणारा प्रोग्राम) कोणाकडे कोणता आयआरक्यू आहे याचा तक्ता दाखवतो, तो पॉज दाबून थांबवला. नेटवर्क कार्ड! पीसीआय या आयसानंतरच्या पद्धतीच्या स्लॉटमधलं, आयआरक्यू ५ अडवून बसलेलं. पीसीआय आणि आयसा एका आयआरक्यूवर सुखाने नांदत नाहीत. ते कार्ड उपटलं, गोळ्या सुटसुटीत. परत लावलं आणि बायोसमध्ये पीएनपी-पीसीआयच्या पानावर आयआरक्यू ५ 'लेगसी आयसा' केला, म्हणजे आयसा कार्डासाठी राखून ठेवला. नेटवर्क कार्ड गुपचूप ११ वर गेलं. (साउंड कार्डच ७ वर न्यायचा सल्लाही मिळाला होता, पण ती प्रिंटर पोर्टची जागा. माझा डॉट मॅट्रिक्स अजून जिवंत आहे.)

दुसऱ्या दिवशी पुन्हा ढ-ढ-ढ.

डोक्याला हात लावून बसलो. मग सहज तारीख बघितली तर मशीन गेल्या शतकात. बोर्डावरची सीआर२०३२ बॅटरी मेलेली. मशीन बंद केलं की बायोस सगळं विसरायचा आणि नेटवर्क कार्ड आपल्या जुन्या जागेवर येऊन बसायचं. बर्डीवरून नवा सेल आणला, सेटिंग पुन्हा केलं. आता चार दिवस झाले, ठीक आहे.

स्पीकरमधून एक गुणगुणही येत होती, तिचं कारण वेगळंच निघालं. ती कूलरची. कूलर आणि पीसी एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर होते, कूलर बंद केला की स्पीकर शांत. पण मे महिन्यात नागपुरात ४५ अंशांत कूलर बंद ठेवून डूम खेळणारा माणूस मला अजून भेटायचाय. पीसी दुसऱ्या सॉकेटवर नेला, गुणगुण बरीच कमी झाली. उरलेली सूंसूं कार्डाच्या मिक्सर प्रोग्राममध्ये माइक आणि लाइन-इन म्यूट केल्यावर गेली.

एक दुखणं बाकी आहे. अ‍ॅडलिब या साउंड ब्लास्टरआधीच्या कार्डाच्या काळातला एक गेम कार्ड ओळखतच नाही. मूळ अ‍ॅडलिबच्या चिपला पत्ता लिहिल्यावर ३.३ आणि डेटा लिहिल्यावर २३ मायक्रोसेकंद विसावा लागायचा. तो विसावा मोजायला पोर्ट अनुक्रमे ६ आणि ३५ वेळा वाचायची पद्धत होती. काही गेम मात्र नुसती रिकामी लूप फिरवतात, ती १६६ मेगाहर्ट्झवर क्षणात उरकते आणि विसावा पुरत नाही. बायोसमधून इंटर्नल कॅशे (प्रोसेसरमधली वेगवान मेमरी) बंद करून मशीन मंद केलं तर गेमने कार्ड ओळखलं, सूरही आले, पण डूम बैलगाडीच्या चालीने. दर वेळी बायोसमध्ये शिरण्यापेक्षा या एका गेमसाठी माळ्यावरचा ४८६, पेंटियमच्या आधीचा मंद पीसी, उतरवावा म्हणतो. त्याचीही बॅटरी आधी बघावी लागेल, ती बोर्डावर सोल्डर केलेली आहे आणि गळते.