विहीर एक, वाफे दोन

यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या गावात शेतीपंपाची वीज बहुधा रात्रीच येते, त्यामुळे जानेवारीत हरभऱ्याचे ओलीत करताना, थंडगार दांडात पाय बुडवून उभा असताना, मध्यरात्रीनंतर पूर्वेला वर आलेली कन्या रास मी हमखास पाहतो. त्याच दिशेला, सुमारे साडेपाच कोटी प्रकाशवर्षांवर, एम ८७ ही दीर्घिका, म्हणजे अब्जावधी ताऱ्यांचा प्रचंड समूह, आहे. नुसत्या डोळ्यांना ती दिसत नाही, पण २०१९ साली प्रसिद्ध झालेले कृष्णविवराचे पहिले छायाचित्र तिच्याच केंद्रातले, सूर्याच्या सुमारे ६५० कोटी पट वस्तुमानाच्या कृष्णविवराचे. कृष्णविवर म्हणजे जिच्या गुरुत्वातून प्रकाशही सुटत नाही अशी वस्तू.

दीर्घिकेतले तारे थंड वायूतून जन्मतात आणि तिच्या केंद्रातले कृष्णविवरही मुख्यतः वायू गिळूनच वाढते; एकाच विहिरीवर दोन वाफे भिजावेत तसे. सुमारे १,००० कोटी वर्षांपूर्वी, दीर्घिकांत वायू मुबलक असताना, या दोन्ही क्रिया शिगेला पोहोचल्या होत्या आणि पुढे दोन्ही ओसरत गेल्या.

मला खरे विलक्षण वाटते ते पुढचे. कृष्णविवराकडे ओढला जाणारा वायू प्रचंड तापतो, त्यातून निघणारे प्रारण (प्रकाश, क्ष-किरण वगैरे) आणि झोत, म्हणजे अतिवेगवान कणांच्या अरुंद धारा, भोवतालच्या वायूला तापवतात, दूर लोटतात, आणि तापलेला वायू आकसून तारा होऊ शकत नाही. एम ८७ मधील झोत हजारो प्रकाशवर्षे लांब आहे, आणि तिथे आज नवे तारे जवळजवळ जन्मतच नाहीत. क्वचित झोताने वायू दाबला जाऊन उलट तारे घडतातही, म्हणून एकच नियम सगळीकडे लावणे मला पटत नाही.

आपल्या आकाशगंगेचे कृष्णविवर सूर्याच्या सुमारे ४३ लाख पट वस्तुमानाचे आहे, पण सध्या ते फारच थोडा वायू गिळते. ते धनु राशीच्या दिशेला आहे. ती पाहायला मला पोळ्याच्या सुमाराची निरभ्र रात्र गाठावी लागते.