शुक्रवार रात्र, दहा ते बारा

अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरातून लाइट रेलने उत्तरेकडे अगदी शेवटच्या स्टेशनापर्यंत गेलं की हंट व्हॅली येतं. तिथल्या एका मोठ्या हॉटेलात वर्षानुवर्षं जुलै महिन्यात तीन दिवस ‘शोअर लीव्ह’ भरायचं. ‘स्टार ट्रेक’ या अंतराळप्रवासाच्या अमेरिकन टीव्ही मालिकेच्या चाहत्यांचा हा मेळावा. मालिकेच्या 1966 मधल्या एका भागावरून त्याचं नाव ठेवलेलं. भरवणारं मंडळ जवळच्या टाऊसन गावचं, स्टार ट्रेक असोसिएशन ऑफ टाऊसन. पहिला मेळावा 1979 चा. दारावर बिल्ले तपासणारे, माइक लावणारे, खुर्च्या उचलणारे सगळे मंडळातलेच. गणेशोत्सव मंडळात वाढलेल्या कुणालाही पाऊल ठेवताच ओळखीचं वाटावं असं वातावरण.

नट यायचे, शनिवारी रात्री वेशभूषा स्पर्धा व्हायची, चित्रांचं प्रदर्शन असायचं. पण वाचणाऱ्यांचा मेळावा सुरू व्हायचा तो शुक्रवारी रात्री दहा वाजता. ‘मीट द प्रोज’ या नावाने लेखक टेबलं मांडून ओळीने बसायचे आणि बारा वाजेपर्यंत सह्या करायचे. मालिकांवर, चित्रपटांवर बेतलेल्या कादंबऱ्या, ज्यांना टाय-इन म्हणतात, त्या लिहिणारे इतके लेखक एका ठिकाणी फार क्वचित भेटतात. हॉवर्ड वाइनस्टीन, पीटर डेव्हिड, मायकेल जॅन फ्रीडमन, रॉबर्ट ग्रीनबर्गर ही मंडळी तर नेमाने यायची. वाइनस्टीन यांनी ‘स्टार ट्रेक’च्या कार्टून मालिकेचा एक भाग विकला तेव्हा ते 19 वर्षांचे होते.

त्या दोन तासांची तयारी घरूनच करून यावी लागे. पुस्तकं लेखकवार लावून पिशवीत भरायची, कारण एकाच लेखकाच्या रांगेत दुसऱ्यांदा उभं राहायला वेळ उरत नाही. सही आतल्या शीर्षकपानावर घ्यायची. मुखपृष्ठ गुळगुळीत असतं, शाई सुकायच्या आत वर दुसरं पुस्तक पडलं की सही फरफटते. शाईपेन अजिबात नको. स्वस्त पेपरबॅकचा कागद लाकडाच्या लगद्याचा, टिपकागदासारखा शोषून घेणारा. त्यावर शाई फुटते आणि मागच्या पानावर उतरते. साधं बॉलपेन सगळ्यात भरवशाचं. नावाचं स्पेलिंग चिठ्ठीवर लिहून ती शीर्षकपानाला चिकटवून ठेवायची. आपल्याकडच्या नावांना तर याशिवाय गत्यंतरच नाही, कुठल्या अमेरिकन लेखकाला ‘ज्ञानेश्वर’ तोंडी सांगून काय होणार! आणि 1980 च्या दशकातलं पुस्तक सहीसाठी सपाट उघडायचं नाही. कण्यातला गोंद वाळून ठिसूळ झालेला असतो, काटकोनाच्या पलीकडे उघडलं की कडकन आवाज येतो आणि पानं सुटतात.

रांगेत उभं राहिलं की वाद सुरू. विषय एकच: या कादंबऱ्यांना साहित्य म्हणायचं का?

बाहेरच्या जगाचं उत्तर ठरलेलं होतं. दुसऱ्याची पात्रं, दुसऱ्याची दुनिया, वर स्टुडिओची परवानगी. यात लेखकाचं काय? आपल्याला हा आक्षेप तसा परका नाही आणि त्याचं उत्तरही आपल्याकडे आहे. कीर्तनकाराचं आख्यान श्रोत्यांना पाठ असतं. सुदामा द्वारकेला पोचणार आणि पोहे खाल्ले जाणार, हे सगळ्यांना ठाऊक असतं, तरी एक बुवा रंगवतो आणि दुसरा पाट्या टाकतो. कस लागतो तो रंगवण्यात. हंट व्हॅलीच्या रांगेतले जाणकार नेमका याच कसोटीवर बोलायचे, आणि बोलायचे ते पान उघडून.

पहिली कसोटी संवादांची. संवादाखालची नावं झाकायची आणि कोण बोलतंय ते ओळखायचं. स्पॉक आणि डॉक्टर मॅककॉय ही मूळ मालिकेतली मुख्य पात्रं बहुतेकांना साधतात. सुलू, उहुरा, चेकॉव्ह ही दुय्यम पात्रं वेगळी ऐकू आली तर लेखकाने मालिका कानांनी पाहिली असं समजायचं. ‘नेक्स्ट जनरेशन’ या नंतरच्या मालिकेतला डेटा हा यंत्रमानव इंग्रजीतली जोडरूपं वापरत नाही, ‘डोन्ट’च्या जागी ‘डू नॉट’ म्हणतो. कादंबरीत त्याच्या तोंडी एक ‘डोन्ट’ निसटला की त्या पानाला घडी पडलीच.

अर्थात पात्रं चुकतात याला नेहमी आळस कारणीभूत नसतो. ‘घोस्ट शिप’ ही ‘नेक्स्ट जनरेशन’ची पहिली स्वतंत्र कादंबरी 1988 ची. ती लिहिताना हाताशी होतं ते मालिकेचं टिपण आणि सुरुवातीच्या पटकथा. नटांनी पात्रांना दिलेला सूर अजून कुणी ऐकलेलाच नव्हता. त्यामुळे त्यातला जहाजाचा उपकप्तान रायकर डेटाशी जितका तुसडेपणाने वागतो, तितका पडद्यावर कधी वागला नाही. पुस्तक बेंगरूळ वाटतं, पण का ते कळलं की त्याकडे बघायची नजर बदलते.

चित्रपटाची कादंबरी करण्याच्या कामातही हेच. पटकथा साधारण 120 पानांची, त्यातही निम्मी जागा कोरी. शब्द मोजले तर वीस-पंचवीस हजार. कादंबरीला लागतात सत्तर-ऐंशी हजार. उरलेले शब्द लेखकाने स्वतःच्या पोतडीतून काढायचे, तेही चित्रपट न पाहता, कारण पुस्तक चित्रपटाच्या आधी किंवा बरोबर दुकानात पोचायला हवं. ‘स्टार वॉर्स’ची कादंबरी 1976 च्या अखेरीस आली आणि चित्रपट मे 1977 मध्ये. मुखपृष्ठावर जॉर्ज ल्यूकस यांचं नाव, लिहिणारे अ‍ॅलन डीन फॉस्टर. ती उघडली की शेवटच्या हल्ल्यात नायक ल्यूकचं रेडिओवरचं सांकेतिक नाव ‘ब्लू फाइव्ह’ असं आहे. पडद्यावर तो ‘रेड फाइव्ह’ आहे. चित्रीकरणात निळ्या पडद्यासमोर निळ्या खुणांची विमानं चालेनात म्हणून रंग बदलला, पुस्तकात मात्र जुनाच राहिला. चित्रपटातून कापलेली, ल्यूक आणि बिग्ज या मित्रांची गावाकडची भेटही पुस्तकात शाबूत आहे. असा एखादा शब्द म्हणजे चित्रपट तयार होतानाचा जिवंत ठसाच. असं पान रांगेत हातोहात फिरायचं.

याचं जुनं उदाहरण जेम्स ब्लिश. मूळ मालिकेचे भाग कथारूपात देणारं त्यांचं पहिलं पुस्तक 1967 च्या जानेवारीत आलं. ते पटकथांवरून लिहीत, पुष्कळदा आधीच्या खर्ड्यांवरून, त्यामुळे कथा आणि प्रक्षेपित भाग यांत जागोजागी फरक आहेत. घरी रेकॉर्डिंग नव्हतं त्या काळात भाग पुन्हा अनुभवायचा तर हीच बारा पुस्तकं. शेवटचं पूर्ण व्हायच्या आत, 1975 मध्ये, ब्लिश गेले. ते काम त्यांच्या पत्नी जे. ए. लॉरेन्स यांनी तडीस नेलं.

स्वतंत्र कादंबऱ्यांवरचा वाद जास्त तापायचा. काम कसं चालतं हे व्यासपीठावरच्या चर्चांमधून वर्षागणिक कळत गेलं. आधी प्रस्ताव, मग प्रकरणवार आराखडा, तो प्रकाशकाकडून परवाना देणाऱ्या स्टुडिओकडे. मंजुरी आली की ऐंशी हजार ते लाखभर शब्दांचं हस्तलिखित, हातात जेमतेम काही महिने. मग ते पुन्हा मंजुरीला. अट अशी की कादंबरी संपताना सगळं जिथल्या तिथे परत ठेवायचं. कॅप्टन कर्कचं लग्न होणार नाही, त्याचं एन्टरप्रायझ जहाज कायमचं बुडणार नाही, कुणी महत्त्वाचं मरणार नाही. मधल्या फळीतल्या कादंबऱ्या इथेच मार खातात. धोका पोकळ आहे हे वाचकाला पन्नासाव्या पानावरच कळलेलं असतं.

कसलेले लेखक त्यातून वाट काढतात ती दोन प्रकारे. एक म्हणजे पडद्यावर कधी नीट न दिसलेल्या मुलखात शिरायचं. जॉन एम. फोर्ड यांची 1984 ची ‘द फायनल रिफ्लेक्शन’ क्लिंगॉन या परग्रहावरच्या लढवय्यांचा समाज आतून दाखवते, त्यांचे खेळ, घराणी, अभिमान. एन्टरप्रायझवरची माणसं सुरुवातीला आणि शेवटी तेवढी डोकावतात. चाळीस वर्षांनंतरही ती कुणी वाईट म्हणत नाही. याच फोर्डनी 1987 मध्ये गाण्यांनी भरलेली धमाल विनोदी कादंबरी लिहिली, आणि तिच्यावरून अजून दोन तट आहेत. आमचं मत स्पष्ट आहे: दोन्ही एकाच माणसाने लिहिल्या, यातच या प्रकाराची ताकद दिसते.

दुसरी वाट म्हणजे मालिकेने अर्धवट सोडलेला धागा उचलायचा. 1969 च्या एका भागात स्पॉक पाच हजार वर्षं मागच्या हिमयुगात अडकतो आणि तिथल्या एका स्त्रीच्या प्रेमात पडतो. ए. सी. क्रिस्पिन यांनी 1983 च्या ‘यस्टरडेज सन’मध्ये प्रश्न विचारला, तिला मूल झालं असेल तर? बाप आणि मुलगा समोरासमोर येतात तेव्हा शेवटी सगळं जागेवर ठेवावं लागलं तरी मधे खरं काहीतरी घडून गेलेलं असतं.

मंजुरीचा दट्ट्या किती जड असू शकतो याचा नमुना म्हणजे 1985 ची ‘किलिंग टाइम’. तिची पहिली छपाई परत मागवली गेली आणि काही मजकूर बदलून पुन्हा छापली. पहिल्या छपाईच्या मुखपृष्ठावरचं शीर्षक उठावाचं आहे, बोट फिरवलं की हाताला लागतं. जाणकार पुस्तक न उघडता तेवढ्यावरून ओळखत. दशकाच्या शेवटी बंधनं आणखी आवळली. लेखकांनी एकमेकांच्या पुस्तकांतली पात्रं वापरायची नाहीत, पुस्तकांत आपसांत साखळी नको. त्या दोन-तीन वर्षांतल्या कादंबऱ्या एकापाठोपाठ वाचल्या की कोंडलेपण जाणवतं.

1991 नंतर दारं किलकिली झाली. 1997 मध्ये पीटर डेव्हिड यांची ‘न्यू फ्रंटियर’ ही पुस्तकमालिका सुरू झाली. तिचा कॅप्टन फक्त पुस्तकातला, त्यामुळे त्याला सगळं जागेवर ठेवायची सक्ती नाही. 2001 पासून ‘डीप स्पेस नाइन’ या आणखी एका ‘स्टार ट्रेक’ मालिकेची कथा, ती पडद्यावर संपली तिथून, पुस्तकांनी पुढे नेली. इथे वेगळाच दोष शिरला. प्रत्येक पुस्तक मागच्या चार पुस्तकांवर टेकलेलं, नव्या वाचकाला कुठून चढावं कळेना. रांगेत नवखं कुणी दिसलं की अनुभवी लोक चिठ्ठीवर वाचनाचा क्रम लिहून देत. तीन-चार नावं, त्याहून जास्त नाही.

पुस्तकातलं पडद्यावर गेलं की रांगेला सगळ्यात जास्त आनंद व्हायचा. सुलूला पाळण्यातलं नाव मालिकेने दिलंच नव्हतं. व्हॉन्डा मॅकिन्टायर यांनी 1981 च्या ‘द एन्ट्रॉपी इफेक्ट’मध्ये त्याला हिकारू केलं, आणि दहा वर्षांनी सहाव्या चित्रपटात ते नाव पडद्यावर उच्चारलं गेलं.

वाचकानेही टेबल ओलांडावं अशी सोय 1998 मध्ये झाली. ‘स्ट्रेंज न्यू वर्ल्ड्स’ ही कथास्पर्धा, 7500 शब्दांची मर्यादा, आणि व्यावसायिक लेखकांना मज्जाव. निवडलेल्या कथा पुस्तकात छापल्या जायच्या. पहिल्या तीन वर्षांत ओळीने तीनदा निवडला गेलेला वाचक म्हणजे डेटन वॉर्ड. तिसऱ्या कथेनंतर नियमाप्रमाणे स्पर्धा त्याच्यासाठी बंद झाली आणि तो कादंबऱ्या लिहू लागला.

पुढे 2020 मध्ये ‘स्टार ट्रेक’ची ‘पिकार्ड’ ही नवी मालिका आली आणि वीस वर्षं पुस्तकांनी रचलेला काळ पडद्यावरच्या काळाशी जुळेना. नेहमीची पद्धत म्हणजे पुस्तकांची दुनिया मुकाट सोडून द्यायची. ‘स्टार वॉर्स’ने एप्रिल 2014 मध्ये जुन्या सगळ्या कादंबऱ्यांवर ‘लेजंड्स’चा शिक्का मारून हेच केलं. ‘स्टार ट्रेक’च्या लेखकांनी मात्र निरोपाच्या तीन कादंबऱ्या मागून घेतल्या. 2021 च्या सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबरमध्ये ‘कोडा’ आली. पहिली वॉर्ड यांची, दुसरी जेम्स स्वॅलो यांची, तिसरी डेव्हिड मॅक यांची. जिवापाड जपलेली पात्रं त्यात एकामागून एक जातात. काहींना हा निरोप फार क्रूर वाटतो, काही म्हणतात बेवारस सोडण्यापेक्षा स्वतःच्या हाताने अग्नी दिलेला बरा. आम्ही दुसऱ्या बाजूचे. तरी पहिल्यांचं म्हणणं खोडता येत नाही. वीस वर्षं ज्यांच्याबरोबर घालवली, त्यांचं मरण मोजून तीन महिन्यांत उरकलं गेलं.

शनिवारच्या एका जुन्या कार्यक्रमाचा उल्लेख राहू नये. डेव्हिड, फ्रीडमन आणि ग्रीनबर्गर मिळून मूळ मालिकेचा एखादा भाग पडद्यावर लावायचे आणि प्रत्येक संवादावर जागच्या जागी शेरे मारायचे. सभागृह खच्चून भरलेलं. ज्यांनी आयुष्यभर या पात्रांना शब्द पुरवले, तीच माणसं त्यांची इतकी मायेने टर उडवताहेत, हे पाहिल्यावर ‘पोटासाठी लिहिणारे’ हा आरोप पुन्हा तोंडावर यायचा नाही.

2024 पासून मेळावा पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टरला गेला. 2025 च्या मे महिन्यात पीटर डेव्हिड गेले. त्यांच्या 1992 च्या ‘इमझादी’ या कादंबरीच्या प्रती जिथे आहेत तिथे कडांनी तपकिरी होत चालल्या आहेत, त्या कागदाचा तो धर्मच आहे. शीर्षकपानावर बॉलपेनने केलेली त्यांची सही अजून स्वच्छ वाचता येते.