तुम्ही विचारलंत म्हणून: हा देश एक की पन्नास?

न्यू जर्सीत स्वतःच्या हाताने पेट्रोल भरता येत नाही. पंपावर गाडी लावायची, काच खाली करायची आणि माणूस येईपर्यंत बसून राहायचं. राज्याचा १९४९ सालचा कायदा आहे तसा. डेलावेअर नदी ओलांडून पेनसिल्व्हेनियात शिरलं की पंपावर कुणीच येत नाही. खाली उतरा, कार्ड घाला, नळी हातात घ्या.

भारतातून पाहुणे आले की मी त्यांना फिलाडेल्फियाला नेते, आणि ही गोष्ट वाटेतच त्यांच्या लक्षात येते. गेल्या उन्हाळ्यात मामा आले होते. त्यांनी पंपावरच विचारलं, "अगं, नदीच्या अलीकडे एक कायदा आणि पलीकडे दुसरा? मग तुमचा राष्ट्राध्यक्ष करतो काय? हा देश एक आहे की पन्नास?"

मावशीने विचारलं होतं, दिरांनी विचारलं होतं, मराठी शाळेतल्या मुलांचे आजीआजोबा तर दरवर्षी विचारतात. गाडीत तुकड्यातुकड्यांनी उत्तर देते, पण ते पुरत नाही. म्हणून एकदा नीट लिहिते.

आधी एक गोष्ट मनात पक्की करावी लागते. इथे राज्यं आधी आली, देश मागून. १७७६ मध्ये तेरा वसाहती इंग्लंडच्या राजापासून सुटल्या, तेव्हा प्रत्येकीचं स्वतःचं विधिमंडळ होतं, कोर्टं होती, कर होते. व्हर्जिनियाचा माणूस 'माझा देश' म्हणे, तेव्हा पुष्कळदा त्याच्या मनात व्हर्जिनियाच असे. लढाईसाठी त्या एकत्र आल्या आणि त्यांनी एक करार केला, आर्टिकल्स ऑफ कॉन्फेडरेशन. तो १७८१ मध्ये लागू झाला. या करारातल्या काँग्रेसला, म्हणजे राज्यांच्या प्रतिनिधींच्या सभेला, कर बसवायचा अधिकारच नव्हता. ती राज्यांकडे वर्गणी मागायची. वर्गणीचं काय होतं ते आपल्याला सांगायला नको. सैनिकांचे पगार थकले, फ्रान्सचं कर्ज थकलं. आयात मालावर पाच टक्के जकात बसवू द्या, एवढंच काँग्रेसने मागितलं, तर १७८२ मध्ये एकट्या ऱ्होड आयलंडने नकार दिला आणि प्रस्ताव पडला, कारण करार बदलायला तेराच्या तेरा राज्यांची संमती लागे.

मग मॅसॅच्युसेट्सच्या पश्चिम भागातले शेतकरी उठले. राज्याने युद्धकर्ज फेडायला जबर कर लावले होते, तेही रोख नाण्यांत. शेतकऱ्यांकडे धान्य होतं, नाणी नव्हती. कोर्टं जमिनी जप्त करत होती, म्हणून त्यांनी कोर्टंच बंद पाडली. त्यांचा एक पुढारी डॅनियल शेज हा स्वातंत्र्ययुद्धात कॅप्टन होता. जानेवारी १७८७ मध्ये हे लोक स्प्रिंगफील्डच्या शस्त्रागारावर चालून गेले, तोफा डागल्या गेल्या आणि चार जण मेले. काँग्रेसला वेळेवर फौज उभी करता आली नाही. बॉस्टनच्या व्यापाऱ्यांनी पैसे दिले, त्यावर राज्याने सैन्य जमवलं. कर्जापायी जमीन गमावणाऱ्या त्या माणसांबद्दल मला आजही वाईट वाटतं. त्यांना पाहून धास्तावलेले लोक चार महिन्यांनी करार सुधारायला म्हणून फिलाडेल्फियात जमले, आणि त्यातून आजची घटना तयार झाली.

ती खोली मी किती वेळा पाहिली असेल! मामाही दारापाशी बराच वेळ थांबले. हिरवी कापडं घातलेली टेबलं आणि समोर वॉशिंग्टनची उंच पाठीची खुर्ची. पाठीवर वरच्या बाजूला अर्धा सूर्य कोरलेला. खोली केवढी, तर आपल्याकडच्या शाळेचे दोन वर्ग जोडावेत एवढी. १७८७ च्या मे महिन्यापासून सप्टेंबरपर्यंत, चर्चा बाहेर फुटू नये म्हणून खिडक्या लावून घेऊन, उन्हाळ्याच्या उकाड्यात ही माणसं इथे बसली. एकूण पंचावन्न जण आले, बारा राज्यांतून. ऱ्होड आयलंडने कुणाला पाठवलंच नाही.

पुढच्या बाजूला बसून जेम्स मॅडिसन रोज टिपणं काढत होता. आज त्याला 'घटनेचा जनक' म्हणतात, पण त्याला जे हवं होतं ते मिळालं नाही, आणि मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं ते हेच. राज्याने केलेला कोणताही कायदा केंद्रीय काँग्रेसला रद्द करता यावा, अशी त्याची मागणी होती. राज्यं एकमेकांचा व्यापार अडवतात, बहुमताच्या जोरावर अल्पसंख्यांना चिरडतात, हे त्याने पाहिलं होतं. १६ जुलैला ठरलं की सिनेट या काँग्रेसच्या एका सभागृहात लहान-मोठ्या सगळ्या राज्यांना सारखंच मत. मॅडिसन त्याच्या विरोधात होता. दुसऱ्याच दिवशी त्याचा रद्द करण्याचा अधिकारही फेटाळला गेला. दोन दिवसांत दोन पराभव! तरी तो उठून गेला नाही. ऑक्टोबरमध्ये मित्र थॉमस जेफरसनला लिहिलेल्या लांबलचक पत्रात त्याने याची खंत मांडली, आणि त्याच सुमारास याच घटनेच्या बाजूने वर्तमानपत्रांत लेख लिहायला घेतले. अलेक्झांडर हॅमिल्टन, जॉन जे आणि तो, तिघांचे मिळून पंच्याऐंशी.

त्या फेटाळलेल्या अधिकाराच्या जागी सहाव्या कलमात एक वाक्य आलं. ही घटना आणि तिला धरून केलेले संघाचे, म्हणजे केंद्राचे, कायदे सर्वोच्च, आणि प्रत्येक राज्यातले न्यायाधीश त्यांना बांधलेले. म्हणजे भांडण झालं तर वरचा साहेब खालच्याचा कागद फाडणार नाही. प्रकरण कोर्टात जाईल. आणि संघाला काय काय करता येईल ते मोजून लिहिलं: नाणं पाडणं, युद्ध, टपाल, परदेशांशी आणि राज्याराज्यांमधला व्यापार वगैरे. १७९१ मध्ये दहावी दुरुस्ती आली. जे अधिकार संघाला दिलेले नाहीत आणि राज्यांना मना केलेले नाहीत, ते राज्यांकडे किंवा जनतेकडे. मी नागरिकत्वाच्या परीक्षेला बसले तेव्हा शंभर प्रश्नांच्या यादीत हा प्रश्न होता: राज्याचा एक अधिकार सांगा. मी पाठ केलं होतं, ड्रायव्हिंग लायसन्स देणं. शाळा, पोलीस, आगीचे बंब ही उत्तरंही बरोबर धरतात. पेट्रोलच्या नळीचा कायदा त्याच घरातला.

मामांचं पुढचं म्हणणं होतं, "म्हणजे केंद्राने राज्यांना दिलेत अधिकार." इथेच आपली गफलत होते. कुणी कुणाला दिलेले नाहीत. घटना 'आम्ही लोक' या शब्दांनी सुरू होते. व्हर्जिनियाच्या सभेत घटनेचा विरोधक पॅट्रिक हेन्री याने संतापून विचारलं होतं, 'आम्ही राज्ये' का नाही म्हणाले? कारण मंजुरी राज्यांच्या विधिमंडळांकडून घेतलीच नव्हती. त्यासाठी प्रत्येक राज्यात लोकांनी निवडलेल्या वेगळ्या सभा भरल्या. नऊ राज्यं पुरेशी होती, नववं न्यू हॅम्पशायर, जून १७८८ मध्ये. दोन्ही सरकारांना अधिकार मिळाला तो थेट लोकांकडून, वेगवेगळा. म्हणून गव्हर्नर हा आपल्या राज्यपालासारखा वरून नेमलेला नसतो. लोक त्याला निवडतात, आणि राष्ट्राध्यक्ष त्याला घरी पाठवू शकत नाही.

आपल्याकडे मुद्दाम वेगळं केलं. बाबासाहेब कोलंबियात शिकलेले, अमेरिकेची घटना त्यांना आतून-बाहेरून ठाऊक. ४ नोव्हेंबर १९४८ ला मसुदा मांडताना त्यांनी हीच तुलना केली. आपला संघ राज्यांच्या करारातून जन्मलेला नाही, आणि गरज पडेल तसा तो एककेंद्री होऊ शकेल, असं त्यांनी सभेला सांगितलं. उरलेले अधिकार आपल्याकडे केंद्राकडे जातात. तिसऱ्या कलमाने संसद राज्यांच्या सीमा बदलू शकते. १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला तो संसदेच्या कायद्याने. इथे राज्याच्या विधिमंडळाने होकार दिल्याशिवाय त्याचा तुकडा काढता येत नाही.

केंद्र आणि राज्यांच्या अधिकारांमधली रेघ मात्र इथेही पक्की नाही. आमच्याच एलिझाबेथ गावाची गोष्ट घ्या, न्यूअर्कच्या विमानतळाला लागून आहे ते. न्यू यॉर्क राज्याने आपल्या हद्दीतल्या पाण्यात वाफेच्या बोटी चालवायचा मक्ता दिला होता, आणि अॅरन ऑग्डेनने मक्तेदारांकडून परवाना घेतला होता. थॉमस गिबन्सकडे संघसरकारचा परवाना होता. दोघंही एलिझाबेथ ते न्यू यॉर्क उतारू नेत. १८२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने गिबन्सच्या बाजूने निकाल दिला: व्यापारात जलवाहतूक येते, आणि दोन राज्यांमधला व्यापार संघाच्या हातात. तेव्हापासून 'व्यापार' या एका शब्दाचा अर्थ कधी ताणला गेला, कधी आवळला गेला, आजही तेच चालू आहे.

आणि या व्यवस्थेची लाज वाटावी अशी बाजूही सांगितलीच पाहिजे. राज्यांचे हक्क ही ढाल पुढे करून गुलामगिरी टिकवली गेली, आणि ती गेल्यावर काळ्या माणसांना वेगळं ठेवणारे कायदेही. १९५७ मध्ये लिटल रॉकच्या शाळेत नऊ काळी मुलं जाऊ नयेत म्हणून आर्कान्सॉच्या गव्हर्नरने राज्याचे नॅशनल गार्डचे शिपाई उभे केले. राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवरने लष्कर पाठवलं, आणि त्याच गार्डला संघाच्या सेवेत घेतलं. त्यामुळे महिन्याच्या सुरुवातीला ज्या गार्डने मुलांना अडवलं, त्याच गार्डवर महिना संपताना त्यांच्या रक्षणाची जबाबदारी आली. राज्याने केलेला अन्याय कुणीतरी रद्द केला पाहिजे, ही मॅडिसनची १७८७ ची काळजी किती खरी होती, ते मला त्या मुलांकडे पाहून कळतं. त्याचबरोबर, वरून येणारा प्रत्येक हुकूम योग्य असतो असंही नाही, म्हणून आडवं उभं राहणारं राज्य हवंच. मला दोन्ही मनापासून वाटतं.

परतताना बेन फ्रँकलिन पुलावर मामा म्हणाले, "जाताना टोल घेतला, आता येताना नाही. हा पूल पेनसिल्व्हेनियाचा की न्यू जर्सीचा?"

"दोघांचा, मामा. दोन राज्यांनी करार करून एक मंडळ नेमलंय, ते सांभाळतं."

"मग केंद्राचं काही नाही त्यात?"

"आहे ना. काँग्रेसच्या संमतीशिवाय दोन राज्यांना असा करार करता येत नाही. घटनेतच लिहिलंय, पहिल्या कलमाच्या दहाव्या भागात."

मामांनी खिडकीतून खाली नदीकडे पाहिलं आणि विचारलं, "आणि पाणी कुणाचं?" त्याचाही एक करार आहे, चार राज्यांचा आणि संघसरकारचा मिळून, १९६१ सालचा. तो घरी पोचेपर्यंत सांगत होते.