पेडल मऊ की कडक? जुन्या मिआटाच्या ब्रेकचा माझा अनुभव

कॅलिफोर्नियातल्या लगूना सेका या रेस ट्रॅकवर दुसऱ्या वळणाआधी ब्रेक दाबला आणि पाय खाली जातच राहिला. पेडल ओल्या स्पंजासारखं लागत होतं. पटापट दोन-तीनदा पंप केलं तेव्हा कुठे थोडा जोर आला आणि गाडी रस्ता सोडता सोडता वळली. खिडकीतून हात बाहेर काढून, मागच्यांना वाट देत, सावकाश पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारच्या गाड्या थांबवायच्या जागेत, आलो. उतरल्यावरही पाय थरथरत होते.

गाडी १९९० ची माझदा मिआटा. इंजिन १.६ लिटर, वजन हजार किलोच्या आत. कॅलिफोर्नियात नोकरी लागल्यावर हौसेनं घेतलेली पहिली गाडी, त्यामुळे जीव फार. लगूना सेकाचा ट्रॅक ३.६ किलोमीटरचा, ११ वळणांचा. मुख्य पट्ट्यावरून गाडी ताशी दीडशे किलोमीटरच्या आसपास येते आणि दुसऱ्या वळणासाठी पासष्टपर्यंत उतरवावी लागते. नंतर घरी हिशेब मांडला: तेवढ्या तीनेक सेकंदांत जी उष्णता तयार होते, तिच्यावर नळाचं दोन लिटर पाणी उकळेल. ते दर दोन मिनिटांनी, आणि पुढे कॉर्कस्क्रू नावाच्या तीव्र उताराच्या नागमोडी वळणाच्या तोंडाशी आणि अकराव्या वळणाला पुन्हा आहेच.

पिटमध्ये एका जुन्या इन्स्ट्रक्टरनी पहिला प्रश्न विचारला, "पेडल मऊ झालं होतं की कडकच होतं?" सगळ्याची किल्ली या प्रश्नात आहे. पेडल कडक आहे, जोर लावतोय, तरी गाडी थांबत नाही, म्हणजे ब्रेकचे पॅड, चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कला दोन्ही बाजूंनी दाबणाऱ्या पट्ट्या, त्यांच्या झेपेपलीकडे तापलेत. पॅडमधलं रेझिन जळून वायू सुटतो आणि घर्षण कमी होतं. पेडल मऊ पडून खाली जात असेल, तर कॅलिपरमधलं, म्हणजे पॅड दाबणाऱ्या भागातलं, ब्रेक ऑइल उकळलंय. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. पायाचा सगळा जोर त्या बुडबुड्यांत मुरतो.

मी दोन्ही प्रकार ओळीनं भोगले होते. आधीच्या ट्रॅक डेला, म्हणजे हौशी लोकांना आपली गाडी ट्रॅकवर चालवता येते त्या दिवशी, पेडल कडक होतं आणि गाडी थांबत नव्हती, म्हणून साधे पॅड काढून ट्रॅकचे टाकले. झालं काय, तर पॅड चांगले म्हणून मी वळणांवर जास्त वेगानं यायला लागलो, उष्णता वाढली आणि ती पुढच्या कच्च्या दुव्यापर्यंत पोहोचली. तो दुवा म्हणजे ऑइल.

ओळखीतले सगळे म्हणत होते, १९९४ नंतरच्या १.८ लिटरच्या मिआटाचे ब्रेक बसव, पुढची डिस्क २३५ ऐवजी २५५ मिलिमीटरची मिळेल. सल्ला चुकीचा नाही. पण पस्तीस वर्षांच्या गाडीत आधी आहे ते धड आहे का, हे बघायला हवं असं मला वाटलं, आणि चाकं काढली.

पुढच्या उजव्या चाकाचा आतला पॅड जवळजवळ संपलेला, बाहेरचा अजून जाडजूड. कॅलिपर ज्यावर सरकतो ती एक स्लाइड पिन वाळलेल्या ग्रीसमध्ये जाम झाली होती. कॅलिपर सरकतच नव्हता, त्यामुळे आतला पॅड डिस्कला सतत घासत होता. म्हणजे सरळ रस्त्यावर, जिथे ब्रेकनं थंड व्हायचं, तिथेही ते चाक तापत होतं. पिना पॉलिश पेपरनं साफ केल्या, नवे रबर बूट घातले, सिलिकॉन ग्रीस लावलं. कॅलिपर दोन बोटांनी सरकला तेव्हा जो आनंद झाला, तो सांगून कळायचा नाही.

मग ऑइल. आधीच्या गॅरेजच्या बिलात ते बदलल्याची नोंद आहे. कॅलिपरवरच्या निपलमधून, म्हणजे ऑइल काढायच्या छोट्या तोंडातून, निघालं ते कोऱ्या चहाच्या रंगाचं. याचा मला मनापासून राग आला, कारण हा माणसाच्या जिवाशी खेळ आहे. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. डॉट ३ या दर्जाच्या ऑइलचा उकळबिंदू नवं असताना किमान २०५ अंश सेल्सिअस, आणि पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरलं की १४० पर्यंत येतो. डॉट ४ चे हेच आकडे २३० आणि १५५. मी मोतूल आरबीएफ ६०० घेतलं, नवं असताना ३१२ अंशांपर्यंत टिकणारं.

ऑइल बदलून नळ्यांतली हवा काढायला बायको गाडीत बसली, मी चाकाशी. मागचं उजवं, मागचं डावं, मग पुढची दोन्ही.

"दाब. धरून ठेव."

"सोडू का?"

"अजून नाही, निपल बंद करू दे."

पारदर्शक नळीतून आधी काळपट, मग बुडबुडे, मग स्वच्छ पिवळसर धार आली. तिला पेडल पायाखाली घट्ट झालेलं माझ्याआधी कळलं. या गाडीत मागच्या कॅलिपरला मागून एक छोटा बोल्ट असतो, त्याच्या आत चार मिलिमीटरच्या ॲलन कीचा ॲडजस्टर. तो घट्ट करून साधारण एक तृतीयांश फेरा सैल केला, तेव्हा उरलेली ढिलाईही गेली. पॅड बदलताना हे हमखास राहून जातं.

ब्रेक मारायची पद्धतही सुधारली. वळणाच्या धास्तीनं मी लांबून हळूहळू ब्रेक दाबत येत होतो. आता उशिरा, एकदम जोरात आणि थोडा वेळ. बाकीचा वेळ डिस्कला वारा. बाबा आंबोलीला शिकवायचे, ज्या गिअरमध्ये घाट चढलास त्याच गिअरमध्ये उतर, सारखा ब्रेकवर पाय नको. मुद्दा तोच. सेशन, म्हणजे ट्रॅकवरची आपली पाळी, संपताना एक फेरी ब्रेक जवळजवळ न लावता मारतो, आणि पिटमध्ये हँडब्रेक ओढत नाही, गाडी गिअरमध्ये ठेवून चाकाला अडकण लावतो. तापलेल्या डिस्कला पॅड चिकटून राहिले तर तिथे डाग पडतात आणि पुढे पेडल थरथरतं.

दोन महिन्यांनी परत गेलो. वीस मिनिटांच्या सेशनच्या शेवटच्या फेरीत पेडल पहिल्या फेरीच्याच उंचीवर होतं. मोठ्या डिस्कचे पैसे अजून बँकेत आहेत. तरी एक सवय लागली ती लागलीच: मुख्य पट्ट्यावर, दुसऱ्या वळणाच्या बरंच आधी, डाव्या पायानं पेडलला हलका स्पर्श करून बघतो. कडक लागलं की उजवा पाय गॅसवरून काढत नाही.