त्सावोचा पूल आणि पॅटरसनसाहेब

सिंहाच्या शिकारीच्या जुन्या गोष्टी मला अजूनही आवडतात, पण आमच्या घरात हे मोठ्याने बोलायची सोय राहिलेली नाही. नात लगेच म्हणते, "आजोबा, खुनी होते ते लोक." असतील बाई. १९०९ साली अमेरिकेचा माजी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट पूर्व आफ्रिकेत गेला आणि बापलेकांनी मिळून पाचशेच्या वर जनावरं मारली, हे वाचून माझंही तोंड कडू होतं. त्या सफरींचे तंबू, हमालांच्या रांगा, संध्याकाळची व्हिस्की यावर हळहळणारे लोक भेटतात. मला त्यातलं काही नको. मी पुन्हा पुन्हा वाचतो ती आजच्या केनियातल्या त्सावोची गोष्ट, आणि तीही पुलासाठी.

१८९८ साली मोंबासाहून आत चाललेली युगांडा रेल्वे त्सावो नदीपाशी पोचली होती. पुलाचं काम जॉन हेन्री पॅटरसन या ब्रिटिश इंजिनियरकडे होतं. मजूर आपल्या देशातले, बहुतेक पंजाबकडचे, बोटीने नेलेले. दोन बिनआयाळीचे नर सिंह रात्री तंबूंतून माणसं ओढून नेऊ लागले. पॅटरसनने आपल्या पुस्तकात २८ हिंदी मजूर दिले आहेत, वर आफ्रिकन माणसं, ज्यांची नोंदच कुणी ठेवली नव्हती. हे वाक्य मला दर वेळी टोचतं. हजेरीपट असलेल्यांचाच हिशेब लागतो.

मी रेल्वेत पुलांच्या कामावर नोकरी केली, त्यातली बरीच कसाऱ्याच्या घाटात. त्यामुळे पॅटरसन शिकारी म्हणून मला बेताचाच वाटतो, पण साइटवरचा माणूस म्हणून पक्का. त्याचा पिंजराच बघा. स्लीपर, ट्रामचे रूळ, तारखात्याची तार आणि एक जाड साखळी, एवढ्यावर त्याने दोन खणांचा सापळा उभा केला. मागच्या खणात आमिष म्हणून बंदुका घेतलेले शिपाई, मध्ये रुळांचे गज. सिंह खरोखर आत आला, दार पडलं. शिपायांची अशी गाळण उडाली की त्यांच्या गोळ्या भलतीकडेच गेल्या. एका गोळीने दाराचा गज उडाला आणि सिंह निघून गेला! सामान नसताना काम उभं करायचं आणि ऐन वेळी माणसांनी घात करायचा, हे मी बिनसिंहाचं पुष्कळ पाहिलंय.

आणि त्या माणसांना तरी काय बोलायचं? घाटात एकदा बिबट्या दिसल्याची नुसती बोलवा झाली, तर दुसऱ्या दिवशी मुकादम मला म्हणाला, "साहेब, तुम्ही पुढं व्हा, आम्ही आलोच मागनं." त्सावोचे लोक तंबूंत खड्डे खणून वर ओंडके टाकून झोपत, झाडांना खाटा बांधत. एकदा एका झाडावर इतके चढले की झाडच कोसळलं. शेवटी १ डिसेंबरला ते म्हणाले, आम्ही सरकारचं काम करायला आलोय, सिंहाच्या पोटात जायला नाही. गाडी येताना पाहून रुळांवर आडवे पडले, ती थांबताच शेकड्यांनी चढले आणि मोंबासाकडे निघून गेले. तीन आठवडे काम ठप्प. इतका चोख संप मी नोकरीत पाहिला नाही.

सिंह ९ आणि २९ डिसेंबरला मेले. नंतर १९२४ मध्ये त्यांची कातडी शिकागोच्या फील्ड म्युझियमने ५,००० डॉलरला घेतली. पण मला त्याआधीचा, पगाराचा भाग जास्त आवडतो. गवंड्याला महिना ४५ रुपये, साध्या मजुराला १२. साहजिकच ज्यांनी कधी छिन्नी धरली नव्हती तेही गवंडी म्हणून नाव लावून आले होते. पॅटरसनने हे ओळखून कामाच्या मापावर पैसे द्यायला सुरुवात केली, तेव्हा काही जणांनी त्याला ठार मारायचा बेत केला. सिंह मेल्यावर त्याच कामावरच्या लोकांनी जानेवारी १८९९ मध्ये त्याला चांदीचं भांडं दिलं. रोशन नावाच्या मिस्त्रीने त्याच्यावर लांबलचक कविता रचली. तिचा इंग्रजी अनुवाद पुस्तकाच्या शेवटी आहे. कविता अर्थातच साहेबाच्या आरतीसारखी आहे. तरी एका मिस्त्रीचं नाव त्या पुस्तकात टिकलं, हे काही कमी नाही.

केनियाच्या सहलीत आम्ही मोंबासाहून नैरोबीला २०१७ साली सुरू झालेल्या नव्या गाडीने गेलो. आमचा दादर-ठाण्याचा ग्रुप खिडकीतून हत्ती शोधत होता. मी त्सावो आल्यावर उठून उभा राहिलो, तर शेजारच्या काकू म्हणाल्या, "दिसला का हो सिंह?" म्हटलं, नाही, पूल बघतोय. त्यांनी मला एक लाडू दिला आणि पुन्हा हत्तींकडे वळल्या.

तो पूल फेब्रुवारी १८९९ मध्ये पुरा झाला. थोड्याच दिवसांत नदीला पूर आला, पाण्याने वरच्या बाजूचे ट्रॉलीचे तात्पुरते पूल उखडले आणि तो सगळा मलबा येऊन नव्या खांबांवर आदळला. खांब हलले नाहीत. सिंहांपेक्षा त्या पुराचं पान मी जास्त वेळा वाचलंय.