परवाना लागला, पण जमिनीपर्यंत जायचे कसे? ईशान्य वायोमिंगमधील प्राँगहॉर्नच्या शिकारीचा वृत्तांत

अमेरिकेच्या वायोमिंग राज्याच्या ईशान्य भागात प्राँगहॉर्न या हरणासारख्या प्राण्याच्या शिकारीचा परवाना परराज्यातल्या माणसालाही सोडतीत अग्रक्रम देणारे फारसे गुण न साठवता लागतो, असे मला अनेकांनी सांगितले होते आणि ते खरे निघाले. तो इतक्या सहज का लागतो, हे मात्र त्यांपैकी एकानेही सांगितले नाही. त्या भागात प्राणी भरपूर आहेत, परंतु ते ज्या गवतावर चरतात त्यातले बरेचसे खासगी रँचच्या, म्हणजे गुरे पाळणाऱ्या मोठ्या शेतांच्या, मालकीचे आहे, आणि मधूनमधून जी सरकारी जमीन आहे तिच्या कित्येक तुकड्यांपर्यंत सार्वजनिक रस्ता पोचतच नाही. पुढच्या हंगामासाठी अर्ज करणाऱ्यांनी सोडतीचे आकडे पाहण्याआधी रस्ते पाहावेत, यासाठी हे लिहीत आहे. नेम, दिवसभर उघड्या माळावर चालण्याची ताकद, दुर्बीण आणि चारही चाकांना जोर देणारी गाडी या गोष्टी मी गृहीत धरल्या आहेत.

आधी सोडतीविषयी. म्हाडाच्या सोडतीत पहिल्यांदा अर्ज करणारा आणि दहा वर्षे अर्ज करत आलेला एकाच रांगेत असतात. वायोमिंगमध्ये परराज्यातल्या अर्जदारांसाठी तसे नाही. प्राँगहॉर्नच्या मर्यादित परवान्यांपैकी २० टक्के बाहेरच्यांसाठी असतात. त्यांतले ७५ टक्के परवाने ज्यांच्याकडे जास्त गुण त्यांना आधी, अशा क्रमाने जातात आणि उरलेले २५ टक्के निव्वळ चिठ्ठीने. नाव लागले नाही म्हणून गुण आपोआप जमा होत नाही. तो जुलै ते ऑक्टोबर या काळात वेगळे पैसे भरून विकत घ्यावा लागतो. सलग दोन वर्षे अर्जही केला नाही आणि गुणही घेतला नाही, तर साठलेले सगळे गुण जातात. गटाने अर्ज केल्यास सर्वांच्या गुणांची सरासरी धरली जाते, म्हणजे शून्य गुणांचा सोबती घेतला की आपले गुण निम्म्यावर येतात. माझा मावसभाऊ बरोबर होता आणि आमचे तसेच झाले. ज्या शिकार-क्षेत्राचा परवाना सहज लागतो तिथे याने काही बिघडत नाही. चुरशीच्या क्षेत्रात मात्र नातेसंबंध बाजूला ठेवून स्वतंत्र अर्ज करावा.

शुल्काचे दोन वर्ग आहेत. साधा परवाना ३२६ डॉलर, ‘विशेष’ परवाना १,२०० डॉलर, आणि दोन्हींवर अर्जाचे १५ डॉलर. प्राणी तोच, क्षेत्र तेच, हंगाम तोच. विशेष वर्गाची रांग तेवढी वेगळी, आणि बाहेरच्यांच्या परवान्यांपैकी ४० टक्के त्या रांगेसाठी राखलेले. या भागासाठी विशेष परवाना घेणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे आहे. पूर्ण रक्कम अर्जासोबतच भरावी लागते. नाव लागले नाही तर ती परत मिळते, अर्जाचे १५ डॉलर मिळत नाहीत. पहिल्या पसंतीचे क्षेत्र लागले तरच गुण खर्ची पडतात, दुसऱ्या किंवा तिसऱ्या पसंतीवर लागल्यास ते शिल्लक राहतात. म्हणून पहिल्या जागी अवघड क्षेत्र आणि दुसऱ्या जागी हे क्षेत्र लिहिणे शहाणपणाचे. राज्याचे वन्यजीव खाते गुणांनुसार मागील सोडतीचे निकाल प्रसिद्ध करते, पण त्यावर डोळे मिटून विसंबू नये. २०२२-२३च्या भीषण हिवाळ्यात राज्याच्या अनेक भागांत प्राँगहॉर्न मोठ्या संख्येने मेले आणि त्यानंतर परवाने कापले गेले. अशा वर्षानंतर जुने आकडे कामाचे राहत नाहीत. खात्याच्या नियमपुस्तिकेत काही क्षेत्रांपुढे सार्वजनिक प्रवेश अवघड असल्याची खूण असते. ती खूण मी या सगळ्या आकड्यांपेक्षा महत्त्वाची मानतो.

आपल्या मराठी मंडळींपैकी अनेक जण एच-१बी व्हिसावर अमेरिकेत आहेत, त्यांच्यासाठी एक गोष्ट स्पष्ट लिहितो. अमेरिकेच्या संघीय कायद्यानुसार अशा तात्पुरत्या व्हिसावरील व्यक्तीला बंदूक बाळगण्यास मनाई आहे. वैध शिकार परवाना असणे हा त्याला असलेल्या मोजक्या अपवादांपैकी एक आहे. परवान्याची मुदत चालू असल्याशिवाय मित्राची बंदूक सरावासाठीसुद्धा हातात घेऊ नये, आणि शंका असल्यास वकिलाला विचारावे. ग्रीन कार्ड असलेल्यांना ही अट नाही. त्याशिवाय १ जानेवारी १९६६ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला शिकार-सुरक्षेचे प्रमाणपत्र लागते. भारतात १९७२च्या वन्यजीव कायद्यानंतर ही वाट बंद झाली, त्यामुळे घरात कुणाकडून शिकण्याची सोय आपल्याला नाही. हा अभ्यासक्रम मन लावून करावा.

आता रस्ता. डेन्व्हरहून डग्लसपर्यंत महामार्ग आणि तिथून उत्तरेला ५९ क्रमांकाच्या रस्त्याने राइट हे गाव, हा प्रवास सोपा आहे आणि त्याविषयी लिहिण्यासारखे काही नाही. राइटजवळ कोळशाच्या प्रचंड उघड्या खाणी आहेत आणि भोवती थंडर बेसिन नॅशनल ग्रासलँड हे सरकारी गवताळ क्षेत्र. नाव ऐकून सलग कुरणाची कल्पना येते, पण नकाशावर ते ठिगळांचे आहे. वसाहतवाल्यांनी घेतलेली आणि शेतीला न टिकलेली जमीन १९३०च्या दशकात सरकारने परत विकत घेतली, त्यातून हे ग्रासलँड तयार झाले. ज्यांनी विकली नाही त्यांची जमीन मध्येच राहिली. त्यात संघीय भूव्यवस्थापन विभागाचे आणि राज्याचे तुकडे मिसळलेले आहेत.

परवाना हाती आल्यावर प्रवेशाची चौकशी करताना एका मध्यस्थाने आम्हाला नकाशा पाठवला. त्यात लाल रेषेने एक कच्चा रस्ता दाखवला होता, जो खासगी जमिनीतून जाऊन सरकारी जमिनीच्या एका मोठ्या तुकड्याला भिडतो असे त्याचे म्हणणे होते. रस्ता वापरण्याचे प्रत्येक बंदुकीमागे २०० डॉलर, रोख. पेट्रोल पंपावर त्याने पैसे घेतले, काचेमागे ठेवायला सही केलेली चिठ्ठी दिली आणि फाटक उघडल्यावर मागे लावून घ्या असे बजावले. फाटक होते, साखळी होती, आणि तारेने बांधलेली प्रवेशबंदीची पाटीही होती, त्यामुळे संशय येण्याचे कारण नव्हते.

रात्री पाऊस झाला. त्या भागाच्या मातीत बेंटोनाइट आहे. कोरडी असताना ती सिमेंटसारखी घट्ट असते, आणि भिजली की चाकाला चिकटते, चिकटलेल्या थरावर पुढचा थर बसतो, आणि शेवटी चाक आणि वरचा पत्रा यांमधली जागा पूर्ण भरून चाक फिरायचेच थांबते. आमची गाडी चढणीवर आडवी झाली. आम्ही तंबूच्या लोखंडी खुंट्यांनी चिखल खरवडत होतो. हातभर सरकावे आणि पुन्हा खरवडावे, असे दुपारपर्यंत चालले. बुटांना इतकी माती लागत होती की पाय उचलताना गुडघे दुखू लागले. चिखल सुकू लागल्यावर समोरून रस्ता सपाट करणारे काउंटीचे, म्हणजे जिल्हा प्रशासनाचे, यंत्र आले. चालकाने खाली उतरून आमची विचारपूस केली आणि मी चिठ्ठी दाखवताच म्हणाला, ‘‘हा रस्ता काउंटीचा आहे. मीच तो नीट ठेवतो. फाटक गुरांसाठी आहे, कुणीही उघडावे आणि लावून घ्यावे.’’ पाटीचे काय, असे मावसभावाने विचारले, तेव्हा पाटी कोणी लावली ते ठाऊक नाही, पण ती रस्त्याला लागू नाही, असे त्याने सांगितले. म्हणजे ज्या सार्वजनिक रस्त्यावरून जाण्याचा आम्हाला हक्कच होता, त्याचे ४०० डॉलर आम्ही भरले होते.

फसवणूक एवढ्यावर थांबली नाही. काउंटीचा रस्ता जिथे वळतो तिथून लाल रेषा चाकांच्या दोन चाकोऱ्या तेवढ्या उमटलेल्या एका वाटेवर जात होती, आणि सरकारी तुकड्याआधीचा साधारण पाव मैल खरोखरच खासगी होता. तिथे आम्ही थांबलो असताना रँचचा मालक गाडीतून आला. त्याने मध्यस्थाचे नावही ऐकले नव्हते. तो सभ्यपणे बोलला, पण त्याचे उत्तर स्पष्ट ‘नाही’ होते, आणि त्याच्या जमिनीवर त्याला तो अधिकार आहे. वायोमिंगमध्ये कुंपण नसले, पाटी नसली, तरी परवानगीशिवाय खासगी जमिनीत शिकारीसाठी पाऊल टाकणे गुन्हा आहे. त्या चिठ्ठीवर विसंबून आम्ही पुढे गेलो असतो, तर दंड आम्हाला झाला असता, चिठ्ठी देणाऱ्याला नाही.

म्हणून सांगतो: जमिनीचा मालक सोडून कुणालाही एक डॉलरसुद्धा देऊ नका. मालकाने पैसे घेऊन प्रवेश देणे कायदेशीर आहे आणि त्यात गैर काही नाही, पण काउंटीच्या नोंदीत ज्याचे नाव आहे त्याच माणसाशी बोलून, त्याच्याच सहीची लेखी परवानगी घ्या. खासगी जमिनीवर प्राणी पडला तर परवान्याला जोडलेले मालकाचे कुपन त्याला द्यायचे असते, म्हणजे मालक कोण हे तुम्हाला तसेही माहीत हवे. काउंटीच्या रस्ते विभागाला एक फोन केला की कोणता रस्ता सार्वजनिक आहे ते कळते. हा फोन जुलैमध्येच करा. मोबाइलवरच्या जमीनमालकीच्या नकाशात एखादी वाट रेघेने दाखवली आहे एवढ्यावरून ती सार्वजनिक ठरत नाही. आणि पावसाचा अंदाज असेल तर त्या मातीवर गाडी घालूच नका, टायर कितीही चांगले असोत. पाऊस थांबून वारा लागला की एका दिवसात रस्ता पुन्हा चालण्याजोगा होतो. थांबणे स्वस्त पडते.

कोपरा ओलांडण्याविषयी बरेच जण विचारतात. दक्षिण वायोमिंगमध्ये रेल्वेला एकाआड एक चौकोन दिले गेल्यामुळे सरकारी आणि खासगी जमीन बुद्धिबळाच्या पटाप्रमाणे पसरली आहे, आणि दोन सरकारी चौकोन नुसत्या कोपऱ्याला एकमेकांना भिडतात. एल्क माउंटनजवळ मिसुरीच्या चार शिकाऱ्यांनी असे कोपरे ओलांडले, एकदा तर शिडी लावून, खासगी मातीला पाय न लावता. फौजदारी खटल्यात ज्युरीने २०२२ साली त्यांना निर्दोष ठरवले. मालकाने भरलेल्या दिवाणी दाव्यात संघीय दहाव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये त्यांच्या बाजूने निकाल दिला. त्यामागे सार्वजनिक जमिनीला वेढा घालण्यास मनाई करणारा १८८५चा कायदा होता. ऑक्टोबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकण्यास नकार दिला. हा निकाल सामान्य माणसासाठी मोठा विजय आहे असे मी मनापासून मानतो. तरीही कोपऱ्यावर रोवलेली जमीनमोजणीची खूण प्रत्यक्ष सापडल्याशिवाय कोपरा ओलांडू नका, कारण मोबाइलचा ठिपका काही पावले इकडे-तिकडे दाखवतो. शिवाय ईशान्येकडच्या ठिगळांना असा नेमका कोपरा अनेकदा नसतोच.

शेवटी आम्ही राइटच्या पूर्वेला ४५० क्रमांकाच्या महामार्गाला लागूनच असलेल्या ग्रासलँडच्या तुकड्यात उतरलो, जिथे कुणाचीच परवानगी लागत नाही. गाड्या रस्त्याजवळ उभ्या असतात आणि बहुतेक माणसे पहिल्या टेकाडापलीकडे जात नाहीत. आम्ही अंधारातच निघून दोन टेकाडे ओलांडली. उजाडल्यावर नर खालच्या घळीत दिसला. कुंपणाशी येऊन त्याने उडी मारली नाही, मान खाली घालून खालच्या तारेखालून धुरळा उडवत पलीकडे आला आणि तारेला पांढऱ्या केसांचा झुबका राहिला. सेजच्या झुडपांतून पोटावर सरकत मी पल्ला कमी केला. तिथल्या निवडुंगाचे काटे जाड पँटमधूनही शिरतात. गुडघ्यांना पट्टे आणि हातांत चामड्याचे मोजे असल्याशिवाय हे करू नये. गोळी नीट लागली. त्या सकाळचा आनंद अजून उतरलेला नाही, आणि त्याच भरात सांगतो, की ज्याची चालण्याची तयारी आहे त्याने प्रवेशासाठी कुणाला काही न देता याच ग्रासलँडमध्ये जावे. खात्याने रँचमालकांशी करार करून खुली केलेली पायी प्रवेशाची क्षेत्रेही आहेत, आणि ज्या व्यवस्थापित क्षेत्रांना परवानगीची चिठ्ठी लागते तिथे ती मोफत मिळते, काही ठिकाणी मात्र मोजक्याच चिठ्ठ्या असतात. त्यांच्या तारखा आधी पाहून ठेवा.

प्राणी पडल्यावर परवान्याच्या कुपनावर तारीख भरून सही करा आणि जागा सोडण्याआधी ते प्राण्याला लावा. केशरी किंवा गुलाबी चकाकता कपडा अंगावर असणे बंधनकारक आहे. रस्त्यावरून किंवा रस्त्यापलीकडे गोळी झाडायची नाही. ऑक्टोबरच्या आरंभी दुपारी ऊन कडक असते आणि प्राँगहॉर्नचे मांस वेळेवर थंड केले नाही तर बिघडते. त्याला उग्र वास येतो अशी तक्रार करणाऱ्यांपैकी बहुतेकांनी ते गाडीच्या टपावर तापवलेले असते. आम्ही जागेवरच कातडे काढले, मांस हाडांवरून उतरवून कापडी पिशव्यांत भरले, आणि बर्फाच्या पेट्या गाडीत आधीच भरून ठेवल्या होत्या. पहिल्या आठवड्यात मांस कापून देणारी दुकाने भरलेली असतात, त्यामुळे निघण्याआधी फोन करून जागा आणि दर दोन्ही पक्के करावेत.

ज्यांना माळ, चिखल आणि नकाशे यांचा कंटाळा येईल त्यांनी इथे अर्ज करू नये. न्यू मेक्सिकोत गुणांची भानगड नाही, सगळे चिठ्ठीवर आहे, पण वाटाड्याशिवाय जाणाऱ्या बाहेरच्यांना तिथे ६ टक्केच परवाने आहेत. वायोमिंगला यायचे ठरवले तर प्राँगहॉर्नचा अर्ज जूनच्या आरंभापर्यंत भरा आणि निकाल त्याच महिन्यात पाहा. नाव लागले नाही तर शिल्लक परवान्यांच्या सोडतीत मादी-पाडसाचा ३४ डॉलरचा परवाना मागा, कारण त्यासाठी गुण लागत नाहीत. आणि गुण हवा असेल तर तो ऑक्टोबर संपण्याआधी विकत घ्या.